पार्किन्सन्स टीव्हीवर दाखवायचा तर नेमकं काय आणि कसं दाखवायचं?

पटकथा_दादर (रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. ११ एप्रिल, जागतिक पार्किन्सन्स दिवस, जवळ येतोय. १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिणारे लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. त्या निमित्ताने मुंबईतल्या वाहिन्यांसाठी कोणी मुलाखत आखत असेल, मालिकेत पात्र लिहित असेल, सकाळच्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटांचा भाग बांधत असेल, तर त्यांच्या हाताशी असावा म्हणून हा धागा. फिजिओ, औषधवाले, ध्वनीवाले, सगळ्यांनी आपापल्या कामातलं लिहावं.

माझं म्हणणं आधीच मांडते. आपण पडद्यावर फक्त कंप दाखवतो, आणि तोही चुकीच्या क्षणी. दाखवायला हवं ते घड्याळ.

आधी कंपाचं बघू. ठरलेला सीन असा असतो: आजोबा कप उचलतात, कप बशीवर खडखडतो, चहा लेंग्यावर सांडतो, सून धावत येते. पण काही उचलताना, धरताना वाढणारी थरथर बहुतेक वेळा ‘इसेन्शियल ट्रेमर’ची असते, तो वेगळा आजार आहे. पार्किन्सन्सचा कंप हात रिकामा असताना दिसतो. मांडीवर ठेवलेला हात, सेकंदाला चार ते सहा वेळा, अंगठा तर्जनीवर जपमाळेचे मणी ओढल्यासारखा फिरतो. कप उचलला की कंप थांबतो किंवा कमी होतो. कप तसाच हवेत धरून ठेवला, तर काही सेकंदांनी परत डोकं वर काढतो. झोपेत नसतो. चालताना, किंवा मनात आकडेमोड करायला सांगितली की वाढतो. म्हणजे सीन उलटा लिहायचा: चहा पिताना हात बरा, आणि टीव्हीवरच्या बातम्या बघताना मांडीवरचा हात आपला आपण चालू. पार्किन्सन्स असलेले मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवली, ते दृश्य पुन्हा बघा. मशाल धरलेल्या हाताकडे नका बघू, दुसऱ्या हाताकडे बघा.

मान ‘नाही नाही’ अशी हलवणं हेही बहुतेक नटांचं आवडतं, आणि तेही इथलं नव्हे. पार्किन्सन्समध्ये हनुवटी, ओठ, जबडा थरथरू शकतो.

आजार एका बाजूने सुरू होतो आणि पुढे दोन्हीकडे पसरला तरी ती पहिली बाजू जास्त त्रासाची राहते. कंटिन्युइटीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहा: ‘उजवा हात’. तिसाव्या एपिसोडला डावा थरथरायला नको. आणि बऱ्याच जणांना कंप अजिबातच नसतो. त्यांचं दुखणं म्हणजे मंदपणा आणि ताठरपणा. खांदा धरला म्हणून महिनोन्‌महिने ‘फ्रोझन शोल्डर’चे शेक घेतले जातात आणि मूळ कारण मागाहून कळतं. हे पात्र मी अजून मराठी मालिकेत पाहिलेलं नाही. ते कोणीतरी लिहावं.

मंदपणा दाखवायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे शर्टाची बटणं. एकच शॉट, कट न मारता: वरचं बटण काजातून जायला किती वेळ लागतो ते प्रेक्षकाला बसून बघू द्या. मागे संगीत नको.

परळची_फिजिओ (रात्री ९.४८)

ताई, फार गरजेचा धागा. चालण्याबद्दल लिहिते, कारण नट तिथे ‘म्हातारा माणूस’ करतात, पार्किन्सन्स करत नाहीत.

बघायच्या गोष्टी अशा. एक हात चालताना झुलत नाही, अंगाला चिकटलेला राहतो. पाठ पुढे वाकलेली, पावलं आखूड, पाय घासत. वळताना आपण एका पायावर गिरकी घेतो, इथे माणूस अख्खा ओंडक्यासारखा वळतो, चार-पाच-सहा छोटी पावलं टाकत. आणि मग ‘फ्रीझिंग’: पाय जमिनीला खिळतात, वरचं अंग पुढे जायला बघतं. दाराची चौकट, अरुंद पॅसेज, लिफ्टचं दार, वळण, कोणी हाक मारणं, फोन वाजणं, ही फ्रीझ होण्याची नेहमीची ठिकाणं आणि निमित्तं.

फ्रीझिंगचा सीन घ्याल तर मदत कशी करायची तेही त्यातच दाखवा. लाखो घरं ते पाहून शिकतील. हात धरून ओढायचं नाही. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय तिथेच, आणि माणूस तोंडावर पडतो. मागून ‘चला, चला’ करायचं नाही. थांबा, श्वास घ्या, सरळ उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलकेच डोलवा, आणि मग ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत मोठं पाऊल. सोबतच्या माणसाने आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवायचं, ते ओलांडायला सांगायचं. बरेचदा लगेच पाय सुटतो. मेंदूत आपोआप चालणारी पावलांची लय बिघडलेली असते, पण डोळ्यासमोर रेघ आली किंवा कानावर ठेका आला की चालण्याचं काम वेगळ्या वाटेने होतं. म्हणून घरात पॅसेजमध्ये रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावतात, त्या माणसाच्या बऱ्या पावलाच्या अंतरावर, साधारण दीड फुटापर्यंत. पट्टी जमिनीच्या रंगाशी मिळतीजुळती असेल तर उपयोग नाही, आणि कडा सुटल्या की पायात अडकतात, त्यामुळे दर काही दिवसांनी तपासायच्या.

यातून निघणारी एक गोष्ट पडद्यावर फार बोलकी आहे. सपाट फलाटावर अडलेला माणूस दादरच्या पुलाचा जिना सरसर चढून जातो, कारण प्रत्येक पायरी ही एक आडवी रेघ आहे. लोक ते बघून म्हणतात, ‘अहो, मगाशी चालता येत नव्हतं, आता बरं येतं! नाटक आहे झालं.’ हा संशय घरोघरी असतो आणि तो माणसाला आजारापेक्षा जास्त लागतो. तीस सेकंदांचा हा एक प्रसंग आणि त्याखाली दोन ओळींचा खुलासा दाखवला, तरी मोठं काम होईल.

उतरताना मात्र तोल जायची भीती असते, तेव्हा कठडा धरलेला दाखवा.

मालिकाप्रेमी (रात्री १०.०५)

पार्किन्सन्स असलेले हॉलिवूडचे अभिनेते मायकल जे. फॉक्स मुलाखतीत सतत डोलताना, वळवळताना दिसतात. त्यांना तर थरथर नाही वाटत, अख्खं अंगच हलतं. मग तो पार्किन्सन्स वेगळा का?

गोळी_घड्याळ (रात्री १०.३२)

तोच पार्किन्सन्स. ते डोलणं म्हणजे डिस्किनेशिया, आणि तो लेव्होडोपा या मुख्य औषधाच्या दीर्घ वापरातून येतो, औषध अंगात भरात असताना. म्हणजे जास्त हलणारा माणूस ‘औषध न घेतलेला’ नसून बरेचदा नेमका उलटा असतो. २००६ साली फॉक्स एका निवडणूक प्रचाराच्या टीव्ही जाहिरातीत असेच हलताना दिसले, तेव्हा रेडिओवरच्या एका नामवंत निवेदकाने ते मुद्दाम करतायत किंवा त्यांनी गोळी घेतली नाही असं म्हटलं. टीव्हीवर पाहिलेल्या हालचालीचा अर्थ ठाऊक नसला की असं होतं. फॉक्स यांना १९९१ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत निदान झालं, १९९८ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. त्यामुळे ‘म्हातारपणाचा आजार’ हेही वाक्य संहितेतून काढा.

आता ताईंनी म्हटलेलं घड्याळ. मेंदूच्या एका छोट्या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी झडत जातात. लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा अधिक गेलेल्या असतात. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतं, सोबतचं कार्बिडोपा ते वाटेतच रूपांतरित होण्यापासून वाचवतं. सुरुवातीची काही वर्षं दिवसातून तीन गोळ्यांत दिवस सलग जातो. पुढे एका गोळीचा परिणाम तीन-चार तासांवर येतो, मग आणखी कमी. परिणाम असतो तो ‘ऑन’, उतरला की ‘ऑफ’. एकच माणूस साडेदहाला स्वतः भाजी चिरतो आणि साडेबाराला खुर्चीतून उठू शकत नाही. मालिकेत हे दाखवायचं तर एका एपिसोडमध्ये भिंतीवरचं घड्याळ तीनदा दाखवा, संवाद लागणारच नाही.

गोळीचा सीन लिहिताना: गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. प्रथिनं आतड्यातून शिरताना आणि मेंदूत जाताना लेव्होडोपाशी रांगेत धक्काबुक्की करतात, त्यामुळे दूध, डाळ, पनीर, अंडं यांच्यासोबत घेतलेली गोळी उशिरा किंवा अर्धवट लागते. लोहाच्या गोळ्याही एकत्र घ्यायच्या नाहीत. मात्र ‘डाळ बंद’ असं पडद्यावर कधीही सांगू नका, आधीच वजन घटत असतं. प्रश्न वेळेचा आहे. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर एखादं बिस्किट चालतं, ते डॉक्टर सांगतात.

मळमळीवरून सांगतो, कारण हे टीव्हीवर यायलाच हवं. उलटीसाठी सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं डोपामिनलाच अडवतात आणि पार्किन्सन्स वाढवतात. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने सुरू राहणारं सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन, यांनी तर मुळात आजार नसलेल्या माणसातही पार्किन्सन्ससारखी लक्षणं उमटतात, आणि औषध थांबवल्यावर ती बहुधा हळूहळू ओसरतात. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, एवढं एक वाक्य मुलाखतीत घ्यायलाच हवं.

दुसरं वाक्य: लेव्होडोपा एकदम बंद करायची नाही. फ्रॅक्चर किंवा न्यूमोनियासाठी दुसऱ्या वॉर्डात भरती झाली आणि तिथल्या औषधवाटपाच्या वेळेत गोळी मागेपुढे झाली, तर दोन दिवसांत माणूस ताठरून जातो. एकदम तोडल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जीवावर बेतू शकतं. वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी लावायचं.

मालिकाप्रेमी (रात्री १०.४०)

आणि खाजकुहिरी? त्यात हेच औषध असतं म्हणतात.

गोळी_घड्याळ (रात्री १०.५१)

असतं. खाजकुहिरीच्या बियांत लेव्होडोपा आहे, ही ऐकीव गोष्ट नव्हे. म्हणूनच जपायचं. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर मात्रा नकळत वाढते, डिस्किनेशिया, भास, रक्तदाब उतरणं सुरू होतं. चमच्यातल्या चूर्णात किती मिलिग्रॅम, याचा हिशोब नसतो. घेत असाल तर न्यूरोलॉजिस्टपासून लपवू नका, असंच कार्यक्रमात सांगावं. ‘मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या जाहिराती त्याच कार्यक्रमाच्या मध्ये लागणार नाहीत, हे निर्मात्याने वाहिनीशी आधी बोलून घ्यावं. आज तरी हा आजार बरा करणारं किंवा थांबवणारं औषध नाही, लक्षणं आटोक्यात ठेवणारी आहेत.

ध्वनी_गोरेगाव (रात्री ११.१५)

मुलाखत रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी.

वेळ ठरवण्याआधी गोळ्यांच्या वेळा विचारा. समजा आठ, साडेअकरा, तीन अशा आहेत आणि गोळी लागायला पाऊण तास जातो. मग साडेबारा ते दीड हा तुमचा तास. डोंबिवलीहून चित्रनगरीपर्यंतच्या प्रवासात तो तास गाडीत वाया घालवू नका, युनिट त्यांच्या घरी न्या. घरी पंखा, फ्रिज बंद, खिडक्या बंद, कुकरची शिट्टी आधी होऊ द्या. पण बंद खोलीत दिव्यांखाली घाम फुटतो, या आजारात घाम मुळात जास्त येतो, त्यामुळे दर दहा मिनिटांनी पंखा लावून थांबा. स्टुडिओत उलटं: गार एसीत स्नायू आखडतात.

खुर्ची हातांची, बसकी कडक, चाकं नसलेली, न फिरणारी. खोल सोफ्यातून उठणं कॅमेऱ्यासमोर नामुष्कीचं होतं. केबल पायवाटेतून अजिबात नाही, चिकटवलेलीसुद्धा नाही. उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून ‘उठून इकडे या’ असा शॉट घाईने घेऊ नका.

माईक. कॉलरला लावतो तो इथे फसतो, कारण मान पुढे झुकलेली असते, हनुवटी माईकवर येते आणि डोलण्याने कापड घासून खरखर येते. आवाज मुळात बारीक. गेन, म्हणजे माईकची आवाज पकडायची पातळी, वाढवला की खोलीची घरघरही वाढते. कानावरून येणारा, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर राहणारा माईक वापरा. खाली मराठी अक्षरं द्या, आणि ती मुलाखत घेणाऱ्याच्या वाक्यांनाही द्या. फक्त एकालाच दिली तर ‘यांचं बोलणं कळत नाही’ असा शिक्का बसतो.

वाचाताई (सकाळी ७.२०)

ध्वनीदादांचं शेवटचं वाक्य प्रत्येक एडिटरने लिहून ठेवावं.

मी दोनच गोष्टी वाढवते. आवाज बारीक होतो तेव्हा त्या माणसाला स्वतःला तो नेहमीएवढाच वाटतो. ‘मोठ्याने बोला’ असं सारखं म्हणण्याऐवजी सुरुवातीलाच ‘समोरच्या गॅलरीतल्या माणसाला हाक मारायची आहे’ असं सांगा, लगेच फरक पडतो. प्रश्न एका वेळी एक. उत्तर यायला पाच-दहा सेकंद लागतात, ती शांतता भरू नका, आणि एडिटमध्ये कापूनही टाकू नका. निदान एकदा तरी ती राहू द्या.

दुसरा चेहरा. चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, पापण्या कमी लवतात, आणि समोरच्याला वाटतं हा रागावलाय, कंटाळलाय, याला काही कळतच नाही. आपल्या मालिका तर चेहऱ्याच्या क्लोजअपवरच उभ्या आहेत! तिथे हा स्थिर चेहरा नटाला फार कठीण जाणार, कारण आत सगळं चालू ठेवून वर काहीच येऊ द्यायचं नाही. सोपी सुरुवात म्हणजे पापण्या कमी मिटणं. नातवाच्या वाढदिवसाला आजी हसत नाही, घरचे दुखावतात, आणि नंतर तिचे शब्द कळतात की तिला केवढा आनंद झाला होता, असा सीन लिहा. ब्रिटिश निवेदक जेरेमी पॅक्समन यांच्या बाबतीत तर एका डॉक्टरांना टीव्हीवरचा त्यांचा बदललेला चेहरा बघूनच शंका आली होती. त्यांनी २०२१ मध्ये निदान जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी त्यावरच माहितीपट केला. अभिनेते ॲलन अल्डा यांनी २०१८ मध्ये स्वतः होऊन सांगितलं, कारण मुलाखतींमध्ये कॅमेऱ्यात त्यांचा अंगठा हलताना दिसू लागला होता आणि दुसऱ्या कोणी दुःखी गोष्ट रंगवण्याआधी त्यांना बोलायचं होतं.

शुभंकर_डोंबिवली (सकाळी ८.०२)

शब्दांचं बघा. ‘पार्किन्सन्सग्रस्त’, ‘पीडित’, ‘झुंज’ हे प्रोमोत हमखास येतात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. प्रेक्षकाला एकदा अर्थ सांगून हेच वापरावेत. ‘कंपवात’ जुन्या पिढीला लगेच कळतो, पण कंप नसलेल्यांचं काय, म्हणून एकटा तो शब्द नको.

पट्टीवर सरकवायची माहिती म्हणून: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं तर कायद्यातल्या सवलतींचा मार्ग खुला होतो. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. तपासणीला जाताना न्यूरोलॉजिस्टची कागदपत्रं आणि ऑन-ऑफच्या वेळांची आठवडाभराची नोंद सोबत असावी. ऐन ऑनमध्ये गेलात तर समोरच्याला त्रास दिसतच नाही.

एक मुद्दा मात्र आधीच सांगून ठेवतो. ‘ऑफ’ दाखवण्यासाठी गोळी उशिरा द्या, असं कोणीही सुचवू नये. फॉक्स १९९९ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर औषध न घेता गेले, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. शूटिंगच्या सोयीसाठी कोणाची गोळी लांबवणं हे वेगळं. ऑफ हवा असेल तर रोजचा जो ऑफ येतो, त्या वेळी, लेखी परवानगीने, आणि नंतर फुटेज त्यांना दाखवून मगच वापरायचं. नाही म्हणाले तर नाही.

पटकथा_दादर (सकाळी ९.३०)

पूर्ण मान्य, पहिल्या पोस्टमध्ये हे मीच लिहायला हवं होतं.

वरळीच्या दूरदर्शन केंद्रातून निघणाऱ्या सह्याद्रीचा विचार वेगळा करूया. तिथे थेट फोन घेणारा कार्यक्रम मिळाला तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘माझा हात थरथरतो, मला पार्किन्सन्स आहे का?’ डॉक्टरांकडे चाळीस सेकंदांचं उत्तर तयार हवं. थायरॉइड वाढलेलं असू शकतं, दम्याचं किंवा फिट्सचं औषध कारण असू शकतं, इसेन्शियल ट्रेमर असू शकतो. पार्किन्सन्स ठरतो तो मंदपणा तपासून, नुसत्या कंपावरून नाही. न्यूरोलॉजिस्टला दाखवा. बरेच जण एमआरआय करून घेऊन येतात, पण साध्या एमआरआयमध्ये तो दिसत नाही, दुसरी कारणं वगळायला त्याचा उपयोग. आणि कंपाआधी कितीतरी वर्षं फोडणीचा वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं, उदासी हे असू शकतं. प्रत्येकाला यातून पार्किन्सन्सच होतो असं मात्र नाही, हे त्याच श्वासात सांगायचं.

मालिकाप्रेमी (सकाळी ९.४४)

अक्षर लहान होतं ते कसं दाखवायचं? प्रॉपवाले नुसतं बारीक लिहून देतात.

परळची_फिजिओ (सकाळी १०.१०)

सरसकट बारीक नसतं, ते ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. वाण्याची यादी लिहा: ‘साखर’चा ‘सा’ नेहमीएवढा, ‘र’ त्याच्या निम्मा, ‘१ किलो’ मुंगीएवढं. शिरोरेषा वर चढत किंवा खाली उतरत जाते. पुढच्या ओळीची सुरुवात परत थोडी मोठी. बँकेच्या चेकवरची सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेक हा त्याचा पुढचा सीन. आणि उपाय: रेघी वही, दोन रेघांच्या मध्ये लिहायचं, प्रत्येक अक्षर दोन्ही रेघांना टेकवायचं. त्याच हाताचं अक्षर लगेच मोठं होतं. रेघांचा परिणाम पायावर होतो तसाच हातावर. प्रॉपसाठी दोन कागद लागतील, एक कोरा आणि एक रेघी, तीच यादी दोन्हीवर.